तव्यावरची पहिली भाकरी

आमच्या घरी रात्री आठला पंगत बसते. तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागाईतदारांचं माळकरी घर, आणि माणसं चौदा: सासू-सासरे, त्यांचे तीन मुलगे, आम्ही तिघी जावा, पाच मुलं आणि सासऱ्यांची बहीण, जिला सगळं घर आत्या म्हणतं. ताटं वाढून झाली की सगळ्यांत लहान पोर डोळे मिटून ‘वदनी कवळ घेता’ सुरू करतं, बाकीचे त्यात आवाज मिसळतात आणि शेवटी ‘पुंडलिक वरदा’चा गजर होतो. अर्ध्या मिनिटाची गोष्ट. हे अर्धं मिनिट मला फार प्रिय आहे. दिवसभर बागेत, शाळेत, बाजारात पांगलेली माणसं तेवढ्यापुरती एका सुरात येतात. सकाळी ज्यांचं कडाक्याचं वाजलेलं असतं तीसुद्धा.

पण लग्नानंतरची एकोणीस वर्षं हे अर्धं मिनिट मी भिंतीपलीकडून ऐकलं. त्या वेळी सासूबाई आणि आम्ही जावा तव्यापाशी असायचो. एका वेळेला तीस-बत्तीस भाकऱ्या लागतात. पीठ मळायचं, भाकरी थापायची, तव्यावर टाकून पाणी फिरवायचं, उलटायची, जाळावर फुगवायची. दोन तवे चालू असले तरी तास मोडतो. पंगतीतून ‘जाणिजे यज्ञकर्म’ हे शब्द यायचे तेव्हा आमचे हात पिठात असायचे. आम्ही जेवायला बसायचो साडेनऊला, भाजी जी उरेल तिच्यावर, आणि तेव्हा प्रार्थना म्हणायचं त्राण कुणात नसायचं.

एकत्र कुटुंबं का मोडली यावर बोलणारी बरीच माणसं शेवटी एकाच ठिकाणी येतात: सांजवात गेली, शुभंकरोती गेली, एकत्र जेवण गेलं, म्हणून संस्कार गेले. प्रवचनात हे ऐकू येतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिथल्या पालकसभेतही ऐकू येतं. याच्या उलट बोलणारे म्हणतात, मोठं घर म्हणजे बायकांना राबवून घ्यायची सोय, आणि प्रार्थना, कृतज्ञता हे सगळं त्यावर घातलेलं पांघरूण. त्यापेक्षा चार माणसांचं घर बरं. मला दोघांशीही बोलायचं आहे. मोठ्या घरात रोजची प्रार्थना हवीच, तिच्यावाचून ते टिकत नाही असं मला वाटतं. पण भाकरी करणारी पंगतीत येऊन बसल्याशिवाय ती प्रार्थना सुरू करू नये. देवाला हात जोडण्याआधी, हे ताट कुणाच्या हातून आलं ते आपल्याला दिसलं पाहिजे.

हे मला वाचून कळलेलं नाही. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. दहाव्याला सगळं गणगोत येरळेच्या काठावर जमलं होतं. पिंड मांडले. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेना. तास गेला. मग जे सगळीकडे होतं ते झालं. एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. थोरल्यानं सांगितलं, आत्याला अंतर देणार नाही. मधल्यानं सांगितलं, धाकट्याच्या पोरीचं शिक्षण आम्ही बघू. कावळा शिवेना. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ‘त्यांच्या आवडीचं काहीतरी ठेवा की.’

आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. कुणी म्हणालं पुरणपोळी; ती सासऱ्यांच्या आवडीची. कुणी म्हणालं धपाटी. ती माझ्या नवऱ्याला लागतात. शेंगोळी म्हणावीत तर ती धाकट्या भाऊजींसाठी व्हायची. चव्वेचाळीस वर्षं त्या घरात जिनं रांधलं, तिला स्वतःला काय आवडतं हे तिच्या घरच्या तेरा माणसांपैकी एकालाही सांगता येईना.

शेवटी त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, पदर सावरत पुढे आली. म्हणाली, ‘तुमास्नी ठाव न्हाई व्हय? आक्काला तव्यावरची पयली भाकरी लई आवडायची. म्हायेरात आय पयली तिलाच द्यायची, वर लोण्याचा गोळा घालून. लगीन झाल्यावर कुठली मिळतीया.’

नदीकाठी तव्यावरची भाकरी कुठून आणणार? गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

आमच्याकडे पहिली भाकरी देवाला, दुसरी गाईला, पुढच्या सगळ्या तव्यावरून थेट पंगतीत. सासूबाईंच्या ताटात यायची ती टोपल्याच्या तळाची, गार झालेली. यात कुणी दुष्ट नव्हतं. त्यांना कुणी उणंदुणं बोलत नसे, दिवाळीला लुगडं येई, आजारपणात डॉक्टर येई, आणि प्रार्थना तर रोज होतीच. त्यांच्याकडे कुणी नीट पाहिलं नव्हतं, एवढंच. मीही नाही. एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून भाकऱ्या थापल्या, आणि ‘आई, तुम्हाला गरम भाकरी हवी का’ हे मला एकदाही सुचलं नाही. ही बोच अजून जात नाही, आणि ती जाऊही नये असं मला वाटतं.

आता कुणी म्हणेल, घरातल्या माणसांचे कसले आले आभार? आपल्या भाषेत तसा प्रघात नाही हे खरंच आहे. आईनं ताट पुढे ठेवल्यावर ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती दचकेल. आपण परके झालो असं तिला वाटेल. मुलं हल्ली शाळेतून ‘थँक्यू’ शिकून येतात आणि ताट तिथंच टाकून उठतात. त्या थँक्यूनं काही होत नाही. पण आभार शब्दांत मानत नाही याचा अर्थ आपल्याकडे कृतज्ञता दाखवायची रीतच नाही असा होत नाही. ‘तू जेवलीस का?’ हा आपला आभाराचा शब्द आहे. ‘बस, मी वाढतो’ हा आहे. आणि जेवण झाल्यावर हात धुण्याआधी म्हणायचं ‘अन्नदाता सुखी भव’ हा तर सरळच आहे. एवढंच की हे आपण म्हणतो ते लग्नाच्या पंगतीत, सप्ताहाच्या महाप्रसादाला, पाहुणे म्हणून कुणाकडे गेलो तर. स्वतःच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ते म्हणणारी घरं मी फार थोडी पाहिली. आपल्या घरात अन्नदाता कोण, तर कमावणारा, असा आपला समज. आमच्याकडे तर शेत सासऱ्यांच्या नावावर, म्हणून अन्नदाते तेच. त्या शेतात सासूबाईंनी किती वर्षं खुरपणी केली आणि घडांची विरळणी केली, हे सातबाऱ्यावर कुठं येतं?

मोठ्या घरातल्या प्रार्थनेचा विचार करताना मला जनाबाईचं घर आठवतं. परंपरेनं तिच्या नावावर असलेल्या एका अभंगात तिनं नामदेवांच्या घरातली माणसं मोजली आहेत. गोणाई आणि राजाई या सासू-सुना, दामाशेटी आणि नामदेव हे बापलेक, नारा, विठा, गोंदा, महादा हे चौघे मुलगे, त्यांच्या चौघी बायका, एक लेक, एक बहीण, आणि सगळ्यांत शेवटी दासी जनी. पंधरा माणसं. एवढ्यांचं दळण म्हणजे काय, हे आमच्यासारख्या घरातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ हे आपण कौतुकानं म्हणतो आणि त्यातून एवढाच बोध घेतो की बाईनं काम करता करता देवाचं नाव घ्यावं, कुरकुर करू नये. कीर्तनातही हाच अर्थ मी अनेकदा ऐकला आहे. तो अपुरा आहे. जनीच्या अभंगांत पुढे काय होतं? देव येतो आणि कामाला लागतो. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी.’ तो जात्याच्या खुंट्याला हात लावतो, शेण्या वेचतो, तिला न्हाऊ घालतो. पंढरीत ज्याच्या पायावर लोक डोकं ठेवतात तो एका दासीच्या केराची पाटी डोक्यावर घेऊन टाकायला जातो. सातशे वर्षांपूर्वी एका राबणाऱ्या बाईनं आपल्या प्रार्थनेला देवानं ओ कशी दिली ते असं सांगून ठेवलं आहे. रोज रात्री हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला आपल्या विठ्ठलाचं हे काम ठाऊक असायला हवं, आणि ठाऊक असेल तर त्याला ओट्यापाशी यायला लाज वाटू नये.

जात्याच्या ओव्या हीसुद्धा प्रार्थनाच. पहिली ओवी देवाला, मग आईला, बापाला, भावाला, लेकाला. पहाटेच्या अंधारात, घर झोपेत असताना, दळणारी बाई घरातल्या एकेकाला नाव घेऊन आठवत असे, त्याला आयुष्य मागत असे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या. त्या वाचताना माझ्या मनात येतं की प्रार्थनेत माणसाचं नाव घ्यायची रीत आपल्याकडे होतीच, ती बायकांनी पाळली. जिला सगळे आठवले, तिचं नाव मात्र घरातल्या कोणत्या प्रार्थनेत आलं?

आमचंच घर असं आहे म्हणून ही तक्रार नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात असं आढळलं. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची सरासरी 88 मिनिटं. हात न लावणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 2021 मधल्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याला कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष उशिराच्या ताटाला देता येणार नाही. तरीही अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या राज्यात अर्ध्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त पुरेसं नाही, हे वाचून मला स्वस्थ बसवत नाही. उरलेल्या भाजीवर साडेनऊला जेवणं म्हणजे काय ते मी जेवून पाहिलं आहे.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ‘मग प्रार्थना हवी कशाला? कामाची वाटणी करा, विषय संपला.’ आम्ही तेही केलं. सासूबाईंच्या वर्षश्राद्धानंतर धाकट्या जावेनं एका वहीच्या पानावर वारांप्रमाणे कामं लिहून ते फ्रिजला चिकटवलं: भाकरी कुणी, भांडी कुणी, दूध कुणी, आत्यांचं औषध कुणी. तीन आठवडे चाललं. मग मोजणी सुरू झाली. ‘माझ्या वारी पाहुणे आले, तुझ्या वारी नाही.’ ‘त्यानं भांडी घासली, पण कढई ठेवून दिली.’ ऑक्टोबर छाटणी आली, पुरुष पहाटेपासून बागेत, आणि कागद फाटला. वाटणी हवी, तिच्याशिवाय सगळं पोकळ. पण तेरा माणसांच्या घरात नुसती वाटणी टिकत नाही. कुणी आजारी असतं, कुणी बाळंतीण असतं, कुणाची परीक्षा असते. कुणाला तरी नेहमीच जास्त उचलावं लागतं. ते जास्तीचं कुणाला तरी दिसलं तर उचलणारा उचलतो, न दिसलं तर त्याच्या मनात कडू साठतं. हे जास्तीचं दिसायला दिवसातून एकदा सगळ्यांनी हातातलं सोडून एका जागी थांबावं लागतं. प्रार्थनेशिवाय असा थांबा आमच्या घरात दुसरा नाही. तेव्हा कुणी मोबाईल बघत नाही, कुणी हिशेब मांडत नाही. ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी दोन मिनिटं गप्प बसावं, माझी हरकत नाही. थांबा मात्र हवा, आणि तो सगळ्यांचा हवा.

वसईकडच्या एका कॅथलिक सहकारी बाईंच्या घरी मी एकदा मुक्काम केला होता. संध्याकाळी जपमाळेच्या वेळी त्यांच्याकडे गॅस बंद होतो. आजीपासून नातवापर्यंत सगळे आल्टरपुढे बसतात, आणि शेवटी एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं मागतात: ह्याच्या परीक्षेसाठी, तिच्या गुडघ्यासाठी. त्या घरात आजीचा गुडघा दुखतो हे सहा वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. सासूबाईंच्या भाकरीची गोष्ट आमच्याकडे चव्वेचाळीस वर्षं कुणाला माहीत नव्हती. मी परत आले ती त्या बंद केलेल्या गॅसचा विचार करत.

विदर्भात तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, तीत सगळ्यांनी एकत्र बसायचं. गाडगेबाबा तर गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडत, आणि कीर्तन रात्री. आधी झाडू, मग नाम. हा क्रम महाराष्ट्रानं डोळ्यांनी पाहिलेला आहे. फक्त तो चौकात राहिला, आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही.

शाळेतही हेच दिसतं. दुपारी पोषण आहाराआधी दीडशे पोरं रांगेत बसून खणखणीत आवाजात ‘वदनी कवळ’ म्हणतात. ती खिचडी शिजवणाऱ्या दोघी बायका तेव्हा पातेल्यामागे उभ्या असतात. त्यांचं किमान मानधन केंद्रानं 2009 मध्ये महिना 1000 रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने, आणि पुढे कितीतरी वर्षं ते तेवढंच राहिलं. राज्य त्यात भर घालतं, तरी ते पैसे मजुरीच्या जवळपासही येत नाहीत. गेल्या वर्षी मी चौथीच्या मुलांना विचारलं, ‘खिचडी कोण करतं?’ उत्तर आलं, ‘खिचडीवाल्या बाई.’ नाव कुणालाच सांगता आलं नाही. आता प्रार्थनेनंतर मुलं त्या दोघींची नावं घेऊन ‘मावशी, तुम्हीही बसा’ म्हणतात आणि वाढपाची पाळी मोठ्या वर्गाकडे असते. एवढ्यानं मानधन वाढत नाही, हे मला कळतं. पण मागच्या पालकसभेत मानधनाचा विषय पहिल्यांदा निघाला, तो दोन मुलांच्या आयांनी काढला. ज्याचं नाव माहीत असतं त्याच्यासाठी भांडावंसं वाटतं.

एवढं सगळं सोसून मोठं घर हवं कशाला, असं माझी मैत्रीण मला विचारते. दोन वर्षांपूर्वी धाकट्या जावेचा मुलगा डेंग्यूनं अकरा दिवस दवाखान्यात होता. त्या अकरा रात्रींत त्याच्या आईला एकदाही एकटीनं जागावं लागलं नाही. पाळ्या लागल्या होत्या, डबा वेळेवर जात होता, इकडे तिच्या मुलीची वेणी कुणी ना कुणी घालत होतं. चार माणसांच्या घरात हे होणार नाही असं मी म्हणत नाही, तिथं शेजारी धावतात. पण आमच्याकडे ते कुणाला मागावं लागलं नाही. मोठ्या घराचं ऋण मी जाणते, म्हणूनच त्याच्या चुका लपवायची मला इच्छा नाही.

आता आम्ही तेरा जण आहोत. वर्षभर झालं, घरात दोन गोष्टी ठरल्या आहेत. तवा उतरल्याशिवाय आणि सगळे बसल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवतो, सगळ्यांनाच कोमट मिळतात. आणि नैवेद्याची व गाईची काढली की तव्यावरची पुढची भाकरी, जो कुणी करत असेल त्यानं तिथंच उभ्या उभ्या खायची. लोणी असेल तर लोण्याशी, नाहीतर तेल-चटणीशी. मोठे भाऊजी भाकरी थापायला शिकले. कडा अजून जाड राहतात, पण फुगते.

सासऱ्यांना हे जड गेलं. साठ वर्षं त्यांनी तव्यावरची गरम भाकरी खाल्ली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कोमट खायची म्हणजे त्यांना आपला मान गेल्यासारखं वाटलं. पंधरा दिवस ते पंगतीला बोलले नाहीत. कुणी त्यांच्याशी वाद घातला नाही. एकदा माझ्या मुलीनं त्यांना सांगितलं, ‘दादा, आज्जीला गरम आवडायची.’ ते काही बोलले नाहीत. काही दिवसांनी जेवण झाल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला, ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणाले आणि विचारलं, ‘आज भाकरी कुणी केल्या?’ तेव्हापासून रोज विचारतात, आणि ज्यानं केल्या त्याचं नाव सगळे मिळून सांगतात.

हरिपाठाचं मात्र अजून जमलेलं नाही. तो नऊला सुरू होतो आणि आम्ही बायका अर्ध्यातून उठतो, कारण धारेचं दूध तेव्हाच तापवावं लागतं. दूध आधी तापवून घ्यायचं, की उठायची पाळी पुरुषांनी घ्यायची, यावर घरात बोलणं चालू आहे.